हा फोन तुमच्या घरचा आहे का?

पुणे
१२ जुलै

ती. स्व. झुंबरआत्यास,
क्रांतीचा सा. न. वि. वि.

सोबत एक खोकं पाठवते आहे. घाबरू नकोस, आत नेटचा नवा राउटर आहे. गेलं वर्षभर आमच्या कंपनीत मी ज्या ॲपच्या मागे लागले आहे ते याच्यासाठीच. जुना डबा लावायला तुला भिंतीपलीकडून रशिदाकाकींच्या मेहकला बोलवावं लागलं होतं आणि तीही बिचारी सबंध दुपार डोकं धरून बसली होती. आता मेहक शिरोळला सासरी, त्यात दिवस भरत आलेले. तेव्हा या खेपेला तू एकटीनं लावायचा. ॲप मराठीतून एकेक प्रश्न विचारतं, तू ‘हो’ नाहीतर ‘नाही’ दाबायचं. प्रश्न सगळे मी लिहिलेत.

लावून झालं की काय वाटलं ते मला पत्रानं कळव. फोनवर विचारलं तर तू सगळं ब्येस हाय म्हणतेस आणि भाचीला वाईट वाटेल म्हणून बाकीचं गिळतेस. ऑफिसात सगळ्यांच्या आया नि काकू छान छान म्हणून मोकळ्या होतात. त्याचा काही उपयोग नाही. मला मंडईतल्या वांग्याला नावं ठेवणारी बाई पाहिजे. कागद हातात असला की तू खरं लिहितेस, आणि शिव्या दिल्यास तरी त्या शुद्धलेखनासकट जपून ठेवीन.

रशिदाकाकी आणि दिलदारकाकांना सलाम सांग. माया आहे तशीच असू दे, उत्तर मात्र दोन ओळींत उरकू नकोस.

तुझी
क्रांती


मंगळवार पेठ, कोल्हापूर
२२ जुलै

॥ अंबाबाई प्रसन्न ॥

चि. क्रांतीस आत्याचे अ. उ. आ.

डबा पोचला आणि लागला. मी लावला, हे आधी लिवते.

तुझ्या ॲपनं पहिल्यांदा ‘नमस्कार झुंबरबाई’ म्हटलं तशी मी दचकलेच. तुझ्या आतोबांनी उभ्या जन्मात मला नावानं हाक मारली न्हाय आणि ह्यो डबा मारतोय! मग ते गोल फिरत ऱ्हायलं. ते फिरत असताना माणसानं काय करायचं, हे तू लिवलं न्हाईस. मी च्या ठेवला. च्या उकळला तरी ते फिरतंच हाय. शेवटाला ‘अभिनंदन’ म्हणाला. भिंतीला डबा टांगला त्याचं अभिनंदन कसलं गं? हे काढून टाक.

जुनाच पासवर्ड ठेवायचा का म्हणून विचारलं. मेहकनं घातलेला, बदलायला जीव होईना, ठेवला. डबा टांगायलाबी कुठं जावं लागलं न्हाय. मधल्या भिंतीवर दिलदारनं ठोकलेला खिळा हायच, दोन्ही घरांस्नी सारखी रेंज मिळावी म्हणून जागा बघून ठोकलेला.

मग एकेक विचारायला लागला. हा टीव्ही तुमच्या घरचा आहे का? व्हय. हा फोन? माझाच की, व्हय. मग आलं, ‘रशिदाचा फोन. हा फोन तुमच्या घरचा आहे का?’ आता रशिदा शेजारची. तिचं रेशनकार्ड येगळं, चूल येगळी. जनगणनेवाल्याला मी कधी खोटं सांगितलं न्हाय, तर तुझ्या डब्याला कशापायी सांगू? ‘नाही’ दाबलं. मागनं दिलदारचा आला, त्यालाबी ‘नाही’. लगेच हिरवी खूण आली आणि म्हणाला की तुमचं नेट आता सुरक्षित आहे. आणि खरंच की! मालिका सारखी अडकायची, ती आता सुसाट पळतीया.

तर माझं मत असं, की शाळा सुटल्यावर कुठल्या परीक्षेत मी अशी फटाफट उत्तरं दिली नव्हती. तुझं काम ब्येस हाय, आणि हे भाची म्हणून लिवलेलं न्हाय.

पावसापाण्याची जपून ऱ्हा. आत्याची आठवण ठेव, डब्याची न्हाय ठेवलीस तरी चालंल.

तुझी आत्या
झुंबरबाई


पुणे
३० जुलै

ती. स्व. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचलं. च्या ठेवला तिथं सगळे खो खो हसले, आणि आमचे साहेब म्हणाले की असं एक पत्र शंभर अहवालांना भारी आहे. ‘अभिनंदन’ काढून टाकलंय, तुझा शब्द खाली पडू दिला नाही. मूळचं सगळं किचकट होतं, ते मी कापून कापून एवढं सोपं केलं, म्हणून माझंही कौतुक झालं. खरं सांगते, त्या दिवशी जमिनीवर पाय नव्हते माझे.

आता रशिदाकाकींनाही विचार ना, नेट कसं चालतंय. त्यांची प्रतिक्रिया पण कळव. मेहकला आणायला कधी जाणार आहेत?

आशीर्वादाचा हात डोक्यावर असू दे.

तुझी
क्रांती


मंगळवार पेठ, कोल्हापूर
१२ ऑगस्ट

॥ अंबाबाई प्रसन्न ॥

चि. क्रांतीस अ. उ. आ.

रशिदाची प्रतिक्रिया विचार म्हणालीस. काय विचारू बाई, ती माझ्याशी बोलंना झालीया.

डबा लावला त्या सुमारापासनं भिंतीवर टकटक न्हाय, आक्का म्हणून हाक न्हाय. पहिल्यांदा वाटलं, लेकीच्या काळजीत असंल. मेहकला बाळंतपणाला आणायला दिलदार निघणार तोवर कृष्णेचं पाणी चढलं आणि शिरोळचा रस्ता बंद झाला. ती तिकडं, ही इकडं. म्हणून मी आपणहून नागपंचमीला पुरणाची दिंडं करून वाटी भरून दिली. वाटी परत आली, घासूनपुसून, रिकामी. इतकी वर्षं झाली, त्या घरातनं रिकामं भांडं कधी आलं नव्हतं. साखरंची चिमूट तरी असायचीच. माझं तोंडच उतरलं.

त्याच्या आदल्याच दिवशी संध्याकाळी मी खिडकीत उभी. बदाबदा पाऊस. आणि रशिदा कोपऱ्यावरच्या जोतीरामच्या दुकानाच्या पत्र्याखाली उभी. डोक्यावरनं पदर, एका हातानं फोन वर धरलेला, दुसऱ्या हातानं त्याच्यावर आडोसा. अशा पावसात ही बाई तिथं काय करतीया म्हणून मी बघत ऱ्हायले. हाक मारावी असं मनात आलं, पण तीच बोलत न्हाय तर मीच का सारखं पुढं पुढं करू, म्हणून खिडकी लावून घेतली.

आणि काल जोतीराम सांगतोय, मेहकला मुलगी झाली, तिकडच्याच दवाखान्यात! माझ्या मांडीवर वाढलेली पोर आई झाली आणि मला दुकानदाराकडनं कळतंय. माझं काय चुकलं ते तरी सांगावं की माणसानं. रात्रभर डोळ्याला डोळा न्हाय.

नेट मात्र झकास चाललंय.

तू तरी आत्याला विसरू नकोस, एवढंच मागणं.

झुंबरबाई


पुणे
१६ ऑगस्ट

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मग तुझं आधीचं पत्र काढून वाचलं. आत्या, चूक तुझी नाही, माझी आहे. फोन करायला हातात घेतला होता, पण तुझा आवाज ऐकून बोलता येणार नाही असं वाटलं, म्हणून लिहिते.

तो प्रश्न माहितीसाठी नव्हता. ‘नाही’ दाबलं की तो फोन नेटवरून कायमचा बंद होतो. तू ‘नाही’ दाबलंस त्या क्षणी काकींचं आणि काकांचं नेट गेलं. त्यांच्या घरात आत मोबाईलला रेंज नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. काकी पत्र्याखाली का उभ्या होत्या, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

आणि हे तू दाबलंस असं मी म्हणू कशी? आधी तिथं तीन बटणं होती: घरचा, शेजारचा, अनोळखी. लोक गोंधळतात म्हणून मधलं मी काढून टाकलं. मंगळवार पेठेत वाढलेल्या मुलीनं! त्याच्यासाठी शाबासकी घेतली. तुझं पत्र भर मीटिंगमध्ये वाचलं, रशिदाकाकींची ओळही वाचली, सगळे हसले, मीही हसले. माझ्या डोक्यात काही म्हणता काही आलं नाही. लाज वाटते.

आता एवढं कर. ॲपमध्ये ‘बंद केलेले’ असं पान आहे, तिथं दोन्ही फोन दिसतील. त्यांच्यापुढं ‘पुन्हा येऊ द्या’ दाब. आणि काकींना स्पष्ट सांग की ॲपची चूक झाली, भाचीनं घोळ घातला. सगळं माझ्यावर ढकल, अगदी बिनदिक्कत.

रागाव, पण अबोला धरू नकोस.

क्रांती


मंगळवार पेठ, कोल्हापूर
२३ ऑगस्ट

॥ अंबाबाई प्रसन्न ॥

चि. क्रांतीस अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं. उभ्या उभ्या दोन्ही फोन सोडवले. मग पायात चप्पल न घालताच शेजारी गेले.

रशिदानं बस म्हटलं, च्या दिला. सगळं शांतपणानं सांगितलं. फोनमध्ये नेट येईना म्हणून तिनं बघितलं, तर वर लिवलेलं, ‘झुंबरबाई यांनी तुमचा फोन नाकारला आहे.’ हेबी तूच लिवलंस का गं? माझ्या नावानं? तिनं दिलदारला दाखवलं. तो म्हणाला की जाऊ दे, नेट त्यांचं हाय, आजकाल कोण कुणाचे कान भरतं कळत न्हाय, आपण विचारायला जायचं न्हाय. ती म्हणाली, नावासकट लिवून आल्यावर मी विचारायचं तरी काय? आमच्या दोघींच्यात आजवर कुणी असं काही आणलं नव्हतं, क्रांती. ते माझ्या नावानं यावं!

मग त्या पावसातलं सांगितलं. जावयानं व्हिडिओ लावला, ती पत्र्याखाली पळाली. बाळाचं कपाळ दिसलं, जावळ दिसलं, आणि काचंवर पाणी पडून सगळं पुसट. पदरानं पुसंपतोर फोन कटला. नातीचं तोंड तिनं पहिल्यांदा असं बघितलं. आणि मी दहा पावलांवर खिडकी लावून घेतली.

तू म्हणालीस तुझ्यावर ढकल. ढकललं न्हाय. यंत्रानं नुसतं विचारलं, उत्तर मी दिलं. रेशनकार्डाचं आणि जनगणनेचं तिला सांगितलं, ते खरंच हाय. पण अजून एक खरं हाय, ते तिच्यापुढं तोंडातनं निघालं न्हाय, तुला लिवते. डबा लावायच्या आदल्या दिवशी माझी मालिका सारखी अडकत होती आणि रशिदा आत मेहकशी तासन्‌तास बोलत होती. माझ्या मनात आलं, नेट माझं आणि हौस हिची. ‘नाही’ दाबताना ते मनात होतं. बोटाला कळत होतं, मला कळलं न्हाय असं कसं म्हणू?

निघताना ती म्हणाली की या परत, झुंबरबाई. आक्का म्हणाली न्हाय. मेल्याहून मेल्यागत झालं.

आता रोज ॲप उघडून बघते. यादीत माझा फोन आणि टीव्ही, दोनच. मी सोडवलं तरी ती येईना. तिनं तिच्याकडनंच बंद करून ठेवलंय म्हणं. बरोबर हाय तिचं.

ह्या आत्याला आशीर्वाद द्यायचा अधिकार हाय का न्हाय देव जाणे, तरी देते.

झुंबरबाई


पुणे
३० ऑगस्ट

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

हो, ती ओळही मीच लिहिली होती. घरमालकाचं नाव घातलं की सगळं स्पष्ट होतं, असं मला वाटलं होतं.

तुझं हेही पत्र मीटिंगमध्ये वाचलं. मालिकेचा भाग सोडून, तो तुझा-माझा. या वेळी कुणी हसलं नाही. साहेब म्हणाले की दोन बटणं सोपी पडतात. मी म्हणाले की सोपं कुणाला पडलं ते बघा. बरीच वादावादी झाली. मधलं बटण परत आलंय, ती ओळ गेली आहे, आणि आता कुणाचं नावही जाणार नाही. तुझ्या फोनवर आपोआप येईल. कुणी नवीन आलं, किंवा बंद होऊन परत आलं, की ते पुन्हा विचारेल.

पण किती घरांत किती जणांनी खरं बोलायचं म्हणून ‘नाही’ दाबलं असेल, ते मला कधीच कळणार नाही. रात्री तेच डोक्यात फिरतं.

तुझा आशीर्वाद मला हवाच आहे. देत राहा.

क्रांती


मंगळवार पेठ, कोल्हापूर
१४ सप्टेंबर

॥ अंबाबाई प्रसन्न ॥

चि. क्रांतीस आत्याचे अ. उ. आ.

पाणी उतरलं. परवा दिलदार मेहकला आणि बाळाला घेऊन आला. रिक्षा थांबली तवा मी दारातच होते, पण पुढं व्हायला पाय उचलंना. कुठल्या तोंडानं जाऊ? आत येऊन ॲप उघडलं. दोनच.

काल दिवेलागणीला रशिदा दारात. छातीशी दुपट्यात गुंडाळलेली पोरगी. मी काही बोलायच्या आत बाळ माझ्या मांडीत दिलं. म्हणाली की जावयाला लेक बघायचीया आणि आत रेंज न्हाय. एवढंच. मी बाळ धरलं आणि रडू आवरंना. मग ते मालिकेचंबी सांगून टाकलं. ती आयकत ऱ्हायली. म्हणाली की तिला माहीत होतं, त्या दिवशी मी भिंतीपलीकडनं टीव्हीला दिलेल्या शिव्या तिनं आयकल्या होत्या.

मग तिनं पदराखालनं फोन काढला आणि वायफाय लावलं. माझा फोन वाजला. ‘रशिदाचा फोन आला आहे. हा फोन कुणाचा?’ खाली तीन बटणं. माझ्या मांडीत बाळ, म्हणून फोन रशिदाच्या हातात. तिनं तिन्ही मोठ्यानं वाचली आणि माझ्याकडं बघत थांबली. मी वाकून तिच्या हातातच ‘घरचा’ दाबलं.

तिनं फोन बाजूला ठेवून बाळाचं दुपटं सारखं केलं. म्हणाली, आता रेशनकार्डाचं काय करायचं, आक्का?

तर तुझी प्रतिक्रिया लिवून घे. मधलं बटण चांगलं हाय, लोकांसाठी ठेव. मला लागलं न्हाय. पण नातीचं तोंड रशिदानं पहिल्यांदा पावसात, पुसट काचंतनं बघितलं, ते कुठलंबी बटण दाबून परत बघता येत न्हाय. तेवढं माझ्याजवळ ऱ्हाणार.

बाळाचं नाव अजून ठेवलं न्हाय. बारशाला ये. यायच्या आधी रशिदाला तुझं तू दोन ओळींचं पत्र लिव, माझ्या नावानं न्हाय, तुझ्या नावानं.

तुझी आत्या
झुंबरबाई