मामलेदाराची गळकी टाकी

वाशीम, रविवार, ८ जानेवारी १९५६

माशांच्या टाकीखालचं पोतं पुन्हा ओलं. काल वाटलं, पाणी भरताना माझ्याच हातून सांडलं असेल. पण नाही. डावीकडचा मागचा कोपरा, खड्यांच्या चार बोटं वर. थेंब जमतो, जरा थांबतो, मग पडतो. खाली वाटी ठेवली. वाटी भरली की तुळशीला.

हे गेल्यावर सुतकात टाकीकडे कोणाचं लक्ष होतं? पाणी आटत खड्यांच्या दोन बोटं वर आलं, काचेचे सांधे बुजवलेली वरची लांबी उघडी पडून वाळली, तडकली. हे नेहमी सांगायचे, टाकी कोरडी पडू द्यायची नाही, पडली की गळणार. आता बसा.

मामलेदार खुशाल आहे. केशरी, ढेरपोट्या, काचेला नाक लावून सगळ्या घराची तपासणी करतो. त्याच्या मागं मागं तो हडकुळा शिरस्तेदार. ह्यांनीच ठेवलेली नावं. शाळेतल्या पोरांना दाखवायला म्हणून नागपूरहून बिस्किटाच्या डब्यात आणलेले दोघे. घरी आले ते घरचेच झाले.

मामाजींना म्हटलं, टाकी गळते. ते चपला घालत होते. "गळू दे," म्हणाले आणि मारुतीला गेले. मुलगा गेल्यापासून माझ्या ह्या सासऱ्याच्या डोळ्यांतून टिपूस नाही. बोलणंही मोजकं.

मंगळवार, १० जाने.

मालेगावहून दादा आला, सकाळच्या मोटारीनं. मला न्यायला. चहा अर्धा पिऊन झाला नाही तोच सुरू.

"इथं कोनासाठी राह्यली तू? लेकरू नाही, बाळ नाही. म्हाताऱ्याच्या भाकरी भाजत जिंदगी काढतं काय? आपल्या घरी चाल. तुह्या वहिनीले हातभार होईन."

मामाजी ओसरीवर बसलेले, दार उघडं. दादाचा आवाज काही हळू नव्हे.  माझ्या तोंडातून निघालं, "टाकी गळते दादा. तिचं काम झालं की येते."

दादा हसत सुटला. "माशापायी बहीन अडली माही!" मग गंभीर होऊन म्हणाला, बाळाच्या बारशाला ये, तेव्हा बोलू.

तो गेल्यावर मामाजींनी एवढंच विचारलं, "किती दिवसाचं काम हाय टाकीचं?"

"पाहते," म्हटलं.

असं का बोलले मी? बाकी काही सांगता आलं असतं. म्हाताऱ्याला एकटं टाकून येत नाही, असं सरळ का नाही म्हटलं? तोंडावर म्हणायची लाज वाटते. आणि त्यांना मी हवी आहे की नुसती भाकरी, हे मला तरी कुठं ठाऊक आहे.

गुरुवार, १२ जाने.

मासे हलवले. काल आडाचं पाणी काढून अंगणात रात्रभर ठेवलं होतं, ते मातीच्या रांजणात. तांब्यापितळेत ठेवायचे नाहीत, भांड्याला साबण लागलेला नको. ह्यांचे सगळे नियम तोंडपाठ. इतके दिवस कंटाळून ऐकले.

लोट्यानं टाकी उपसली, खडे काढले. भरलेली टाकी कधी उचलायची नाही, काच तडकून हातात येते. रिकामी झाली तरी लोखंडी चौकट जड. एकटीनं उचलायला वाकले तर मामाजी न बोलवता आले, दुसरं टोक धरलं. उन्हात नेऊन ठेवली.

कोपऱ्यातली जुनी लांबी खरवडायला ह्यांचं दाढीचं पातं घेतलं. हाताला चिंधी गुंडाळली होती. पातं डबीत होतं तसंच होतं. त्याला वाळलेला साबण आणि दोन-तीन बारीक केस. ते पुसून घ्यावं लागलं. पुसल्यावर मग रडत बसले.

रविवार, १५ जाने.

लांबी मळली. शाळेतले तुटके खडू हे एका डब्यात साठवायचे, फेकवत नसत. ते खलात कुटले, वस्त्रगाळ केले. त्यात जवसाचं तेल थोडं थोडं, आणि मळ मळ मळायचं, पुरीच्या कणकेसारखं घट्ट. हे मळायचे तेव्हा मी हसायचे की मास्तरांनी सैपाक काढला. अर्धे खडू संपले. डबा हलका लागतो.

कोपरा भरत होते तर मामाजी उभे राहून पाहत होते.

"शेंदूर टाकला असता तर थेंब गळला नसता. कापसाच्या जिनात तीस वर्सं इंजिनाचे सांधे म्या शेंदरानं बंद केले. वसंताले तवाच सांगतलं होतं."

ठाऊक आहे. टाकी केली त्या वर्षी दोघांची ह्यावरून जुंपली होती. हे म्हणाले होते, शेंदूर म्हणजे शिसं, पाण्यात उतरलं तर मासे मरतील. त्यावर मामाजी कडाडले होते, "मारुतीच्या अंगाले लावतो तो शेंदूर! त्यात जहर कायचं? चार बुकं शिकला अन् बापाले शिकवाले लागला!" दोन दिवस बापलेक एकमेकांशी बोलले नव्हते. मी मधे निरोप्या. तेव्हा वैताग आला होता. आज तसं भांडण ऐकायला मिळालं तर!

मंगळवार, २४ जाने.

टाकी उन्हात. रोज सकाळी हलवते, संध्याकाळी पोत्यानं झाकते. लांबी वाळली का, नख लावून पाहिलं नाही. लावलं तर कळेल.

जेवताना मामाजी, "सुकली काय?"

"नाही अजून."

त्यांनी ताटातली अर्धी भाकरी मोडून बाजूला ठेवली. भूक नाही म्हणाले. मला वाटलं, भाजी बिघडली.

रांजणात मासे दिसत नाहीत. वरून वाकून पाहावं लागतं. मामलेदाराला तपासणीला काचच नाही, बिचारा गोल गोल फिरतो.

मालेगाव, गुरुवार, २ फेब्रुवारी

काल आले. आज बारसं. घरात चाळीस माणसं. सकाळपासून घुगऱ्या निवडणं, चुलीपुढं बसणं, सगळं मी. बरं वाटत होतं. हात चालले की डोकं गप्प बसतं.

बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं. दादाला एकच बहीण. मी हात धुऊन, पदर नीट करून निघाले. दारात वहिनी आडवी आली. वाईट नाही ती. हळूच बोलली.

"वन्सं, तुमी जरा अंदरच राहा. सवाष्नींचं आहे. मानूस वाईट बोलते."

नाव चुलत बहिणीनं सांगितलं. पाठीत बुक्क्या बसल्याचा आवाज आला, हसणं आलं. मी आत, जात्याजवळ, गंगामावशीच्या शेजारी. मावशी विधवा झाल्यापासून चाळीस वर्षं तिथंच बसते आहे. तिनं माझ्याकडे पाहून जरा सरकून जागा केली.

त्या सरकण्याची मला फार भीती वाटली.

दादा संध्याकाळी म्हणाला, पुढल्या आठवड्यात येतो, सामान बांधून ठेव. मी काही बोलले नाही. त्याला वाटलं, कबूल आहे.

वाशीम, शनिवार, ४ फेब्रु.

दुपारी घरी आले. दारातूनच दिसलं, टाकी जागेवर, काठोकाठ भरलेली, मासे आत. आणि मागचा कोपरा लालभडक.

मामाजी ओसरीवरून उठून आले. किती दिवसांनी चेहऱ्यावर हसू. बोटं शेंदरानं माखलेली.

"पाह्य. काल सकाळीच केलं. तुही लांबी खणखणीत सुकली होती, तरी भरोसा नको म्हनलं. वरून शेंदराचा हात देल्ला. मारुतीपाशचा घेतला, तेलात कालवून. एक थेंब नाही गळत. आता जाय तू खुशाल, पोरी. टाकीचं झालं."

जाय तू खुशाल. कानात तेवढंच राहिलं. म्हणजे ह्यांनाही मी नकोच, असं वाटून गेलं.

मग पाण्याकडे पाहिलं. वर तेलाचा तवंग, त्यात तांबडी साय. लावलेला शेंदूर ओलाच होता, मारुतीचं तेल ते, जवसाचं नव्हे. दोन्ही मासे वर येऊन तोंड वासत होते. शिरस्तेदार एका अंगावर कलला होता.

तिथल्या तिथं काढायला हवे होते. पण म्हातारा शेजारी पाट घेऊन बसला होता, लेकाच्या टाकीकडे पाहत. त्यांच्यासमोर हात घालणं म्हणजे तोंडावर सांगणं, तुम्ही विष घातलंत. धीर झाला नाही. शनिवार, तेल घालायला ते मारुतीला गेले तेव्हा पळत जाऊन दोघांना रांजणात सोडलं.

परत आल्यावर विचारलं त्यांनी, काहून काढले? म्हटलं, पाणी फार गार आहे, जरा निवांत राहू द्या.

रविवार, ५ फेब्रु.

शिरस्तेदार गेला. सकाळी रांजणात पांढरं पोट वर.

मामाजींना म्हटलं, थंडीनं. यंदा थंडी आहेच.

त्यांनी तो तळहातावर घेतला. बराच वेळ पाहिलं. मग कण्हेरीखाली खड्डा केला, मला करू दिला नाही. जेवले नाहीत. मारुतीलाही गेले नाहीत. मला आठवतं तसं आजाराशिवाय त्यांनी मारुती चुकवलेला नाही. हे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा लांबून हात जोडून आले होते.

मामलेदार तळाशी. हलतो, पण कसनुसा.

मंगळवार, ७ फेब्रु.

आडावरून आले तर टाकी अंगणात रिकामी. मामाजी आत डोकं घालून कोपरा नखांनी खरवडत होते. पातंबितं काही नाही, नुसती नखं. एका बोटातून रक्त येत होतं, पण शेंदरात ते कळतही नव्हतं.

"मामाजी, काय करून राह्यले तुमी?"

"थंडीनं नाही मेला तो."

मी घागर खाली ठेवली.

"वसंतानं सांगतलं होतं. शिसं असते म्हने. म्याच आयकलं नाही. तवाही नाही आयकलं." हात थांबला. "तुले मोकळी कराव म्हनलं होतं. टाकीपायी अडकली पोरगी, आपल्यापायी कायले अडकन, तिले भावाचं घर हाय. लवकर करून द्याव म्हनलं. अन् त्याचाच मासा मारला म्या."

आणि मग रडले. एवढा थोराड माणूस, टाकीत डोकं घालून. काचेत आवाज घुमत होता. चार महिन्यांचं सगळं त्या आवाजात होतं.

टाकीपायी नाही अडकले हो मी. अगदी ओठांवर आलं होतं. बाहेर पडलं ते दुसरंच. "या, हात धुऊन घ्या. पोटात जाईल तो शेंदूर." राख आणि शिकेकाईनं हात धुतले त्यांचे, पोराचे धुवावे तसे. नखांतलं निघेना. मी पाणी ओतत राहिले, ते हात पुढं धरून बसले होते.

शुक्रवार, १० फेब्रु.

कोपरा साफ. पुन्हा पुन्हा पाणी बदलून टाकी धुतली, लाल पाणी लांब उकिरड्याकडे नेऊन ओतलं, तुळशीला नाही. मी भरलेली लांबीही काढून टाकली, तीत शेंदूर मुरला होता.

मामलेदार आज वर आला. चिमूटभर कणीक खाल्ली. मामाजींना हाक मारली तर धावत आले, रांजणावर वाकले. "खाल्लं काय? पाह्य, पाह्य, आनखी खाते."

मागं कोणी नाही हे त्याला समजत असेल का? वळून वळून पाहतो, असं मला वाटतं. मलाच वाटत असेल.

शनिवार, ११ फेब्रु.

मोटारीच्या क्लीनरनं दादाचा निरोप दिला. उद्या येतो. ट्रंक तयार ठेव.

मामाजींना सांगितलं. ते "बरं" म्हणाले. ट्रंक त्यांनीच माळ्यावरून काढून दिली, धूळ पुसून. मग मारुतीला जाऊन आले. ह्या आठवड्यात पहिल्यांदा. कपाळाला शेंदूर नव्हता.

दुपारी खडूंचा डबा घेऊन माझ्यासमोर बसले.

"मले शिकव."

"काय?"

"लांबी. वसंता करत होता तशी. तू गेल्यावर गळली तं कोन करन?"

शिकवली. डब्यातले उरलेसुरले खडू सगळे खलात घातले. एक लाल निघाला, तो त्यांनी उचलून बाजूला ठेवला. शेंदूर नाही तो, साधा रंगीत खडू, पण राहू दिला. जुन्या इंजिनवाल्याचा हात, भुकटी माझ्यापेक्षा मऊ झाली. जवसाचं तेल किती, कधी थांबायचं, सगळं विचारून घेत होते. लहान मुलासारखं पुन्हा म्हणून दाखवत होते. मी ट्रंकेत एक लुगडं ठेवलं होतं, ते उघड्या झाकणातून दिसत होतं. तिकडे दोघांनीही पाहिलं नाही.

मळता मळता, मान खाली घालूनच, त्यांनी विचारलं,

"सुकाले किती दिवस लागते?"

ऊन आता चांगलं तापतं. आठ दिवसांत दगड होईल. मागच्या वेळी खणखणीत सुकलेली त्यांनीच पाहिली आहे.

म्हटलं, "महिना तरी."

हात थांबले त्यांचे. मी खलाकडे पाहत होते. बाहेर रांजणात पाणी हललं.

"अन् तेल जरा जास्त टाकलं तं?" मामाजी म्हणाले. "मंग आनखी उशिरा सुकन ना?"

मी बाटली त्यांच्याकडे सरकवली.

उद्या दुपारच्या मोटारीनं दादा येतो आहे.