दिराला न लावलेला पाय

माय, आज इथं सुरतेत कामावरच्या जोडीदाराच्या कंबरेला पाय लावायची पाळी आली आणि तू आठवलीस. तू पायाळू, पायाकडून जन्मलेली. उसण भरली की गाव तुझ्याकडं यायचं, पालथं पडायचं. तू डावा पाय लावलास की माणूस हसत उठायचा. त्या दुष्काळात तर रोजगार हमीची खडी फोडून सगळ्यांच्याच कमरा धरलेल्या. सकाळी दारात रिकाम्या घागरींशेजारी माणसं पालथी. त्यात थोरला चुलता आला. तू डोईवरचा पदर सारखा केलास आणि पाय उचलायच्या आधी विचारलंस, "भाऊजी, निजल्यावर उतरतं का?" "कुठलं! निजलो की वाढतंय. रातभर येरझाऱ्या घालून राहिलो. आन बसाय गेलं की बूड बधिर." तू मागं सरलीस. "ही उसण न्हाई. काय हाय ते मला कळत न्हाई. दवाखान्यात जावा."

लातूर नुकतंच जिल्हा झालेलं. तिथं कमरेचा एक्स-रे फोटो चांगला निघाला. डॉक्टर म्हणाले, लचक असेल, नाही उतरलं तर नांदेडला दाखवा. चुलत्यानं पुढचं ऐकलंच नाही. फोटो नाचवत आला, भर गल्लीत पालथा पडला. "आता लाव! गावाला लाथा घालतीस, माझ्याच कमरंला तुझा पाय जड झाला व्हय?" बायका हसतात. एक म्हणते, "अगं, दिराला लाथ हाणायची संधी पुन्यांदा न्हाई यायची!" तू पदर दातात धरून उभी. पाय काही उचलत नाहीस. "मी पाय लावला तर तुमी नांदेडला न जाता घरीच बसताल," एवढंच म्हणतेस.

तुला खोटं पाडायलाच तो नांदेडला गेला. तिथंही आधी मणक्याचा टीबी वाटला. मग कण्यात औषध सोडून फोटो घेतला, तर ते औषध अर्ध्यातच अडलं. आत गाठ. साध्या फोटोत हाड दिसतं, नसांतली गाठ दिसत नाही, असं तिथल्या डॉक्टरनं समजावलं. ऑपरेशन करून गाठ काढली. अजून उशीर झाला असता तर पाय गेले असते. चुलता आजही चालतो, जरा फेंगडा. पण तुझं नाव निघालं की उठून उभा राहतो.

मी शाळेतून पळालो, एका कामावर टिकत नाही, पण तुझा तो सवाल सोडला नाही. जोडीदाराला आधी तेच विचारलं. निजलं की उतरतं म्हणाला, मग पाय लावला. तू तर गेलीस, हे पत्र कुठं टाकू? ट्रंकेत ठेवतो. एक राहिलंच: मी डोक्याकडून जन्मलो, हे इथं कुणाला ठाव नाही. मी पायाळू हाय म्हणून सांगितलंय.