मामाने बांधायचं घड्याळ

सप्तापूर, धारवाड
दि. ४ नोव्हेंबर २०२४

चि. वेंकटेश यास अ. उ. आशीर्वाद. पाठच्या भावाला द्यायचे असतात म्हणून देते आहे.

फोनवर आपण दोघं तिसऱ्या वाक्याला भांडतो आणि पाचव्याला फोन आपटतो, म्हणून पोस्टाने लिहिते. स्नेहाचं लग्न मार्गशीर्षात ठरलं. हे गेल्यावर घरातलं पहिलंच कार्य. मुलगा केलगेरीचा, नाव प्रभंजन. खाद्यपदार्थांच्या धंद्यात उत्पादनाचं काम बघतो. याहून जास्त चौकशी तू करू नयेस.

आपल्या घरची रीत तुला माहीत आहे. सीमांतपूजनाला मुलीचा मामा नवऱ्या मुलाच्या मनगटावर स्वतःच्या हाताने घड्याळ बांधतो. मी गप्प बसले असते, पण मामाने घड्याळ बांधल्याशिवाय बोहल्यावर चढणार नाही असं स्नेहा म्हणते. तिचा तुझ्यावर इतका जीव का, हे मला आजवर कळलेलं नाही.

आता घड्याळ कसं घ्यायचं ते नीट वाच. तबकडी पांढरी आणि लहान. पट्टा चामड्याचा. सोनेरी काही नको, चमकणारे खडे नकोत, एका तबकडीत आणखी तीन तबकड्या नकोत. तुझी आवड मी ओळखून आहे. तुझ्या दुकानातल्या साड्यांचे काठ बघून अजून डोळे चुरचुरतात. घेतल्यावर आधी मला आणून दाखव.

लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवायची तसदी नको.
मंगला

दाजीबानपेठ, हुबळी
दि. ९ नोव्हेंबर

ती. अक्कास शि. सा. नमस्कार. आशीर्वाद पोचले. वापरण्याजोगे आहेत का ते बघतो.

आहेर मागून घेऊ नये, आणि मागितलाच तर त्याचा रंग सांगू नये, एवढं प्राध्यापकाच्या घरात कळायला हवं होतं. ज्या काठांनी तुझे डोळे चुरचुरतात, त्याच काठांवर अप्पांनी तुझं एम.ए. केलं. दुकानात बसून तू पुस्तकं वाचायचीस आणि गिऱ्हाईक आलं की मला हाक मारायचीस.

तरी रीत ती रीत. अप्पा म्हणायचे की मनगट बघितल्याशिवाय घड्याळ घेऊ नये. दुकानातली टेप खिशात घालून मी केलगेरीला गेलो. तू चौकशी नको म्हणालीस तेव्हाच जायचं ठरवलं होतं. बघतो तर तुझे उत्पादनवाले साहेब बनियनवर उभे राहून कढईत खवा घोटतायत. घरचीच पेढ्याची भट्टी. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग. अक्का, पेढेवाला एवढा एक शब्द लिहायला तुझी लेखणी का अडली? मला जन्मभर कापड फाडणारा म्हणत आलीस आणि जावई मिळाला तो दूध आटवणारा. देव आहे म्हणायचा.

मी त्याच्या मनगटाला टेप लावली आणि म्हणालो की ह्या हाताला घड्याळ कशाला, मलमाची डबी शोभेल, आहेरात तीच देतो. भट्टीवरची माणसं पोट धरून हसली. पोरगाही हसला. पोरगा चांगला आहे. तुझ्या हाताखाली कसा टिकणार, त्याची मला काळजी आहे.

घड्याळ माझ्या पसंतीचं येईल. तुला दाखवायला मी शाळेतला मुलगा नाही.

लोभाचं तुझ्याकडे काही उरलं असेल तर असू दे.
तुझा वेंकटेश

सप्तापूर
दि. १३ नोव्हेंबर

वेंकटेश, आशीर्वाद आज हातून लिहवत नाहीत.

आता पुरे झालं. परवा प्रभंजन आमच्याकडे जेवायला आला तो पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून. ताटावर बसल्यावरही बाह्या वर केल्या नाहीत. आमटीत कफ बुडाला तरी नाही. निघताना त्याने स्नेहाला हळूच विचारलं की लग्नातल्या शेरवानीच्या बाह्या थोड्या लांब शिवल्या तर चालतील का. तिने खोदून विचारलं तेव्हा तुझी मलमाची डबी बाहेर आली. तो हसला म्हणून तू खूश झालास. स्वतःच्याच माणसांसमोर कुणी असं बोललं तर त्याने दुसरं काय करायचं होतं?

मी पेढेवाला लिहिलं नाही ते का, तेही आज ऐक. पहिल्या दिवशी मला थोडी लाज वाटली, नाही म्हणत नाही. पण खोटं लिहिलं ते तुझ्या जिभेला भिऊन. माझ्या लग्नात ह्यांना कायमची नोकरी नव्हती. आपला मामा ह्यांच्या हातावर घड्याळ बांधत होता आणि तू शेजारून मोठ्याने म्हणालास की बरं झालं, घरी बसून किती वेळ गेला ते आता मास्तरांना कळेल. सगळा मांडव हसला. हेही हसले. तुला ते आठवतही नसेल.

अळणावरच्या गणेशला, आपल्या आतेभावाला, मी बोलावलं आहे. घड्याळ तो बांधेल. तू लग्नाला येऊ नकोस. स्नेहाला हे सांगितलं तेव्हा ती रडली, पण तुला बोलवच असं ह्या वेळी म्हणाली नाही.

मंगला

दाजीबानपेठ
दि. २० नोव्हेंबर

ती. अक्कास नमस्कार.

ह्या पत्राला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. दुकानात सगळ्यांवर ओरडत होतो. शेवटी सुनिता म्हणाली की नोकर पळून जाण्याआधी जिथे जायचं आहे तिथे जाऊन या. बायको तुझ्यासारखीच आहे, फक्त कमी बोलते.

केलगेरीला गेलो. भट्टीवर तीच माणसं होती. त्यांच्यासमोर बोललो होतो, म्हणून चुकलो हेही त्यांच्यासमोरच म्हणालो. प्रभंजनने मान वर केली नाही. खवा खाली लागेल, थांबा, एवढंच म्हणाला आणि मला धुरात चांगलं उभं करून ठेवलं. मग हात धुऊन आला आणि मनगट पुढे केलं.

त्याला घेऊनच घड्याळाच्या दुकानात गेलो. चामड्याचा पट्टा घामाने त्या डागांना चिकटतो आणि पोलादी घासतो. त्यामुळे तुझी चामड्याची अट मोडली आहे. रुंद, सुती विणीचा पट्टा घेतला. आतल्या बाजूने हात फिरवून बघितला, कुठे गाठ नाही. एवढं कापड फाडणाऱ्याला कळतं. तबकडी पांढरी आणि लहान आहे, पण मी तुझं ऐकलं असं समजू नकोस. ती त्याने निवडली. भट्टीवर नाही, पण संध्याकाळी स्नेहाबरोबर बाहेर पडताना घालीन म्हणाला.

तू हेकट आहेस हे माझं मत बदललेलं नाही. पण गणेशला नको म्हणून कळव. स्नेहाचा मामा मी आहे, अक्का. दुसऱ्या कुणी ते घड्याळ बांधलेलं मला बघवणार नाही.

लोभ नसला तरी बोलावणं असावं.
वेंकटेश

सप्तापूर
दि. २४ नोव्हेंबर

चि. वेंकटेश यास आशीर्वाद.

ये. गणेशला कळवलं आहे. प्रभंजनने तुला माफ केलं. स्नेहा तर त्याच्या तोंडून सगळं ऐकताना मध्येच उठून आत गेली आणि हुबळीच्या पाहुण्यांच्या यादीत पहिलं नाव तुझं लिहून आली. तू समोर उभा राहा, घड्याळ बांध, पोटभर जेव.

मी तुला माफ केलेलं नाही. तुझं पत्र वाचून मला बरं वाटायला हवं होतं, पण ते पुन्हा पुन्हा वाचलं आणि प्रत्येक वेळी राग वाढत गेला. लग्नातलं ते घड्याळ ह्यांनी कधीच बांधलं नाही. पुढे प्राध्यापक झाले, तरी वर्गात मुलांनाच वेळ विचारायचे. सर विसराळू आहेत असं मुलांना वाटायचं. मी म्हणायची की वेंकटेशच्या मनात काही नसतं, एक दिवस येईल आणि बोलून टाकील. हे म्हणायचे की आला तर त्याच्यासमोरच बांधीन.

चुकलो हा शब्द तुला येतो, हे मला माहीत नव्हतं. माहीत नव्हतं तोवर बरं होतं. ह्या महिन्यात तू दोनदा केलगेरीला गेलास. सप्तापूर वाटेतच लागतं, वेंकटेश. हे हयात असताना एकदा इथे उतरला असतास, तर हे उघड्या मनगटाने गेले नसते.

लोभाबद्दल आज काही लिहीत नाही.
मंगला