दूध संघातले पायथन सर

५ मार्च २०१९
दुष्काळ. जनावरं छावणीत, दूध नाही, शिरूर कासारच्या आमच्या दूध संघाचा स्टाफ रिकामा. चेअरमन आबासाहेब म्हणाले, तोवर सगळ्यांना प्रोग्रॅमिंग शिकवा. सगळे माझ्याकडे बघायला लागले. ऑफिसातला प्रिंटर मीच दुरुस्त करतो ना. हो म्हणालो. पायथन नावाची भाषा आहे. आठवड्यात संपवतो.

८ मार्च
पुस्तक जाड निघालं. चाळलं.
निश्चय: पन्नाशीच्या माणसाला क्लासची धास्ती वाटता कामा नये. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘काहीही विचारा.’

११ मार्च
पहिला क्लास. दुधाची फॅट तपासणाऱ्या विमलबाईंनी विचारलं, स्क्रीनवर लाल अक्षरं काहून आली? टँकरवाल्या शहादेवनेही तेच विचारलं. उन्हामुळे, म्हणून सांगितलं.
संध्याकाळी फळा पुसला.

१८ मार्च
लाल अक्षरं माझ्याही स्क्रीनवर. सर स्वतः चुकून दाखवतात, म्हणजे शिकणाऱ्याचा संकोच जातो, ही माझी खास पद्धत. आज पूर्ण तास चुकून दाखवलं.

२ एप्रिल, दुपार
आबासाहेबांनी मीटिंगमध्ये मला तज्ज्ञ म्हटलं. लगेच सिक लीव्ह. तर विमलबाई आणि शहादेव लॅपटॉप घेऊन घरीच हजर. संघ बंद पडला तर विमलबाईंना पुन्हा ऊसतोडीला जावं लागेल, त्याआधी हे शिकायचंय म्हणाल्या. पलंगावरूनच तास घेतला.

१० एप्रिल
सुटका! बीडहून गहिनीनाथ सर बोलावले. कॉम्प्युटरचे खरे शिक्षक. लाल अक्षरं म्हणजे कुठे चुकलं त्याची सूचना, ती कशी वाचायची तेही त्यांनी शिकवलं. मी मागच्या बाकावर बसून उतरवून घेतलं. आबासाहेबांना म्हणालो, संघाच्या हितासाठी मी बाजूला होतो. त्याग केल्यासारखं वाटलं. रात्री छान झोप लागेल.

११ एप्रिल
झोप लागली होती. सकाळी आबासाहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, गहिनीनाथ सर ठेवू ना? विमलबाई उभ्या राहिल्या.
“त्या सरांना समदं येतं. त्यांच्याम्होरं चुकायची लाज वाटती. आमच्या सरांना काईच येत न्हाई, म्हणून आमी बिनघोर इचारतो.”
शहादेवने मान डोलावली. बाकीच्यांनीही. म्हणजे सगळ्यांना पहिल्यापासून माहीत होतं.
आबासाहेब हसलेसुद्धा नाहीत. क्लास दिवाळीपर्यंत वाढवला. चकलांब्याच्या डेअरीचा स्टाफही माझ्याकडेच पाठवणार आहेत.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.