खिडकीखालची जागा

शनिवार, १ जून

पोचले एकदाची! बसमध्ये बुहले माझ्या मांडीवर ओकली, शेजारणीच्या कोंबडीनं टोपलीतली भाकर टोचली, पण पोचले. नवऱ्यानं, म्लुंगिसीनं, लग्नासाठी ठरलेल्या गाईंपैकी शेवटची गाय माझ्या वडिलांच्या गोठ्यात बांधली आणि चार वर्षांच्या लेकीसकट मी रीतसर न्काबिंदेंची सून झाले. समुद्रकाठच्या आमच्या गावात बायका कुजबुजत, लेक आधी नि लग्न मागून. कुजबुजोत बापड्या.

खाणकामगारांच्या वस्तीतलं हे चार खोल्यांचं घर. सगळी घरं एका मापाची, आमचं दार हिरवं म्हणून ओळखू येतं. मला इथे कुणी सेबेंझिले म्हणणार नाही. मी 'मकोटी', नवी नवरी. सासूबाईंना 'ममा' म्हणायचं, सासऱ्यांना 'बाबा', तेही खाली बघून. बाबांचा जन्म खाणीत गेला, सारखे खोकतात. बुहलेला जवळ घेऊन त्यांनी संत्रं सोलून दिलं आणि ती कारटी मला विसरलीच.

स्वयंपाकघरात बिडाची काळी चूल आहे, म्हशीएवढी. ममांनी तिच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, उद्यापासून ही तुझी.

रविवार, २ जून

फजिती! लाकडाच्या चुलीत करते तसं खाली कागद-काटक्या आणि वर कोळसा रचला. घरभर असा धूर कोंडला की चर्चला निघालेली अख्खी गल्ली दारात बघायला थांबली. ममा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मका भाजायला बसलीस काय, म्हणाल्या.

मग शिकवलं. जाळीवर आधी मोठा कोळसा, त्यावर कागद, काटक्या, आणि सगळ्यात वर मूठभर बारीक कोळसा. काडी वरून लावायची. आग हळूहळू खाली उतरते आणि जाता जाता धूरही जाळून टाकते. खालच्या खणातली राख रोज काढायची, नाहीतर चुलीला श्वास घेता येत नाही. धुराड्याची झडप निखारे विझेपर्यंत उघडी. मला वाटलं होतं सासू छळेल. ही तर मैत्रीण निघाली.

गुरुवार, १३ जून

आता मी पटाईत झालेय, असं मला काल दुपारपर्यंत वाटत होतं. इथे जून-जुलै म्हणजे कडाक्याची थंडी, आमच्या समुद्रकाठासारखी नाही. ऊब टिकावी म्हणून मी धुराड्याची झडप लवकर लावली आणि बुहलेला घेऊन चुलीपाशी आडवी झाले. डोकं ठणकायला लागलं, वाटलं थंडी बाधली. तेवढ्यात ममा शेजारून आल्या. आल्या त्या आमच्या दंडाला धरून आम्हाला फरफटत अंगणात घेऊन गेल्या आणि मग घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. बुहले ओकली, मग बरी झाली.

ममांनी मला उभी-आडवी झाडली. म्हणाल्या, "धूर बोंबलत येतो, त्याला काय घाबरायचं? लाल निखारा मुका असतो. तो घर खातो आणि आवाज करत नाही. डोकं दुखलं की आधी खिडकी उघड, मग माझ्याशी बोल." मला रडू आलं, पण वाईट नाही वाटलं. आपलं माणूस असल्याशिवाय असं कोण रागावतं?

सोमवार, ८ जुलै

बाबा गेले. सकाळी खुर्चीत बसल्या बसल्याच. मी चहा घेऊन गुडघ्यावर बसले होते आणि कप घ्यायला हातच पुढे आला नाही. मी फार रडले. पाच आठवड्यांतच त्यांनी मला माहेर विसरायला लावलं होतं.

रिवाजाप्रमाणे निजायची खोली रिकामी केली, जमिनीवर गादी टाकली आणि ममा घोंगडी पांघरून तिच्यावर बसल्या. शनिवारच्या अंत्यविधीपर्यंत त्या तिथून उठायच्या नाहीत, काही ठरवायच्या नाहीत, मोठ्यानं बोलायच्या नाहीत. बाबांची थोरली बहीण, मान्काबिंदे आत्या, आली आणि घराचा कारभार तिनं हातात घेतला. काचांना राख फासली, खिडकी बंद केली. म्लुंगिसी धाकट्या दिरांना आणायला सोन्याच्या खाणींकडे गेलाय. शुक्रवारी शवागारातून बाबांची शवपेटी घेऊनच येईल.

ममांनी बुहलेला मांडीवर घेतलंय आणि सोडतच नाहीत. म्हटलं, असू दे, तेवढाच जिवाला विसावा.

मंगळवार, ९ जुलै

बादलीतलं पाणी सकाळी गोठलेलं होतं. गादीच्या खोलीत ममांसोबत शोकाला बसलेल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या कुडकुडत होत्या म्हणून आत्यानं शेगडी मागवली. पत्र्याच्या पिंपाला भोकं पाडून केलेली ही शेगडी इथे घरोघरी असते. अंगणात पेटवायची, धूर संपेपर्यंत थांबायचं आणि सगळा कोळसा लालबुंद झाला की आत न्यायची. लाल झाला म्हणजे निर्धोक, असं सगळी वस्ती मानते.

मी म्हटलं, खिडकी बोटभर तरी उघडी ठेवू या. आत्या म्हणाली, चार दिवसांची सून, आम्हाला कोळसा शिकवतेय! म्हाताऱ्या हसल्या. मी ममांकडे बघितलं. त्यांना सगळं माहीत होतं. त्यांनीच शिकवलंय मला. घोंगडीच्या आतून माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग मान खाली घातली.

मी दार किलकिलं ठेवून आले. वारा येतो म्हणून कुणीतरी ते लावून घेतलं. चहाच्या वेळी बुहले म्हणाली, आई, डोकं दुखतंय.

बुधवार, १० जुलै

बाबा आले, म्हणतात.

आधी त्या म्हाताऱ्यांतल्या मास्कोसानाला दिसले, मग आत्याला, मग एकेक करून सगळ्यांना. खिडकीखाली भिंतीला टेकून बसतात. काही बोलत नाहीत, नुसते बघतात. आता ती जागा सगळ्या मोकळी सोडतात. सुनेनं सासऱ्यासमोरून जायचं नसतं, म्हणून मला ताकीद मिळाली आहे, तिथून पाय टाकायचा नाही. मी चहाचा ट्रे घेऊन भिंतीकडेनं गुडघ्यांवर सरकते. रिकाम्या जागेपुढे मान खाली घालते.

मास्कोसाना दुपारी पिळवटून ओकली, तिला उचलून अंगणात आणलं. हवा लागली तशी सावरली. मला वाटलं, आता तरी यांचे डोळे उघडतील. तर ती म्हणते, तिथे माझ्यासाठी जागा नव्हती, म्हणून त्यानं मला बाहेर ढकललं. आणि बाकीच्या तिच्याकडे कशा कीव करून बघत होत्या! पुन्हा आत जायला निघाली बाई.

मी शेगडी उचलायला गेले, हात भाजला. खिडकीला हात घातला तर आत्यानं मनगट धरलं. म्हणाली, मेलेल्याला घराबाहेर हाकलायला आलीस का? मग मी बुहलेला उचललं आणि सरळ फाटकाकडे निघाले. आत्या मागून आली. आवाज चढवला नाही तिनं.

"तुला जायचं तर जा, मकोटी. कुणी अडवणार नाही. पण गाई दिल्यात आम्ही. लेक या घरची आहे."

चार बायकांनी तिला माझ्या हातांतून सोडवून घेतलं. बुहले रडलीसुद्धा नाही. झोपेत होती.

गुरुवार, ११ जुलै, सकाळ

पाद्रीबाबांना गाठलं. म्हणाले, दुःखात माणसाला भास होतात, प्रार्थना कर. कोळशाचं म्हटलं तर म्हणाले, शेगडी तर आमच्याकडेही आहे. म्लुंगिसीला निरोप कुठे धाडू? वाटेत असेल.

आत्या लघवीला गेली तेव्हा ममांपाशी बसले. पाय धरले. म्हटलं, ममा, तुम्हीच सांगितलंत ना, मुका असतो म्हणून. तुम्ही एक शब्द बोला, तुमचं ऐकतील.  त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. ओठ चेरीसारखे लाल झालेत त्यांचे.

"मला माहीत आहे गं, पोरी. पण खिडकी उघडली की तो जातो."

मी म्हटलं, मग बुहलेला तरी द्या.

"तिला बघायलाच तर येतो."

देवा, या बाईवर माझा जीव होता. अजून आहे. म्हणून जास्त भीती वाटते.

गुरुवार, दुपार

मीही आत येऊन बसले. आत्या म्हणाली, आता कशी शहाणी झालीस. होऊ दे. पळी आणलीय शालीखाली, लोखंडाची. खिडकीला बाहेरून जाळी आहे, म्हणून बायका पेंगल्या की आतूनच काच फोडणार. एवढंच करायचंय. लिहीत राहिले तर झोप येणार नाही, म्हणून लिहितेय.

आताच नवी शेगडी आली. लाल. सुंदर दिसते. दाराला पाठ लावून आत्या बसलीय, जड बाई, हलायची नाही. खिडकी पाच-सहा पावलांवर.

बुहलेचे गाल गुलाबी. हाक मारली. एकदा डोळा उघडला —

थोड्या वेळानं

सगळ्या पेंगल्या. आत्याचं डोकं छातीवर. ममा पण. कुणी घोरत नाही. इतकं शांत बरं नाही —

पाय कुठे आहेत माझे. आहेत. हलत नाहीत नीट. पळी जड झाली. मी सकाळपासून काही खाल्लं नाही म्हणून असेल. नाही. तसं नाही. माहीत आहे मला काय ते. माहीत आहे. विसरायचं नाही —

बुहलेला ओढलं. ममांचा हात सुटत नाही. झोपेतही सुटत नाही. आधी काच. काच, मग लेक.

अजून

आहेत. खिडकीखाली. भिंतीला टेकून. माझ्याकडेच बघतायत.

नाहीत ते. कोळसा आहे. मला माहीत आहे कोळसा आहे —

पण खोकले आत्ता. बाबांचाच खोकला.

मान खाली गेली माझी. आपोआप. वर होत नाही. त्यांच्यासमोरून कशी जाऊ. दुसरीकडून वाट नाही, काच त्यांच्या डोक्यावर —

बुहले. बुहले. श्वास आहे. आहे. हळू आहे —

उठते. शिव्या घालू देत, घरातून काढू देत. बाबा, मी तुमची सून आहे, मला माफ करा, मी तुमच्या समोरून —