गादीतला लहान खळगा

१२ फेब्रुवारी, बुधवार

प्रिय ताई,

आज सकाळी बाळीचं वजन केलं. वाढलंय. नर्सबाई चहा न घेताच गेल्या, पुढच्या गल्लीत आणखी एक बाळंतीण आहे म्हणाल्या. आमचे मास्तर शाळेत शिकवायला गेले. जाताना कपडे वाळत घातले, अर्थात चिमटे न लावता, त्यामुळे दोन झबली शेजारच्यांच्या अंगणात जाऊन पडली. मी जेवले. बाळी पाळण्यात झोपली आहे आणि मी टेबलाशी बसून लिहिते आहे. बसून, हे मुद्दाम सांगते. टाके भरून आले.

परवा फोनवर तू म्हणालीस की रविवारी टेम्पो घेऊन येतेस आणि आईचा पलंग न् गादी काढून टाकू. ज्या गादीवर माणूस इतकं आजारी पडलं तिच्यावर ओल्या बाळंतिणीनं झोपू नये, असं तुझं म्हणणं. मी गप्प राहिले आणि तू त्याचा अर्थ हो असा घेतलास. लहानपणापासून तू माझ्या गप्पपणाचा अर्थ लावत आलीस आणि बहुतेक वेळा तो बरोबर असायचा. या वेळी नाही. पण का नाही, हे फोनवर मला सांगता आलं नसतं.

सुरुवातीचे दिवस किती वाईट गेले ते तुला कळू दिलं नाही. टाक्यांमुळे बसवत नव्हतं. बसले की घाम फुटायचा, मी आखडायची आणि बाळी रडून लाल व्हायची. तोंडात धरायची आणि सोडायची. जन्मली तेव्हापेक्षा वजन कमी भरलं. नर्सबाईंनी स्पष्ट सांगितलं, पुढच्या बुधवारपर्यंत काटा वर गेला नाही तर हिला दवाखान्यात ठेवावं लागेल. त्या गेल्यावर मास्तरांनी पाळण्याची दोरी उगीचच सोडून पुन्हा बांधली.

दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा आल्या आणि म्हणाल्या, बसता येत नाही तर आडवं होऊन पाजायचं. आमचा पलंग मऊ, त्यावर नको म्हणाल्या. मग आईच्या खोलीत नेऊन त्यांनी तिची गादी मुठीनं दाबून पाहिली. कापूस दगडासारखा बसलाय, म्हणाल्या, ही चालेल. आई गेल्यापासून मी त्या खोलीत फक्त झाडायला जात होते, तेही दार उघडं ठेवून.

बाईंनी मला डाव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून निजवलं. उशी फक्त माझ्या डोक्याखाली, बाळाच्या जवळपास काही मऊ नको. गुडघे थोडे दुमडलेले. खालचा हात वर वळवून बाळाच्या डोक्यापलीकडे. बाळीला पाठीवर ठेवायचं नाही, कुशीवर वळवायचं, तिचं पोट माझ्या पोटाला लागेल असं, आणि नाक स्तनाग्रासमोर. आपण तिच्यावर वाकायचं नाही. तिनं मोठा आ केला की पाठीला हात लावून तिला जवळ घ्यायचं, डोकं ढकलायचं नाही. ऐकायला सोपं. पण बाळी प्रत्येक वेळी मागे कलंडायची आणि तोंडातलं सुटायचं. बाई म्हणाल्या, एक टॉवेल द्या.

कपाटात वरच आईचा टॉवेल होता, तो निळ्या काठाचा. दवाखान्यातून तिच्या सामानाबरोबर परत आलेला. बाईंनी तो घट्ट गुंडाळला आणि बाळीच्या पाठीशी, भिंतीच्या बाजूला ठेवला. म्हणाल्या, “हा हिला मागे जाऊ देणार नाही. पाजून झालं की टॉवेल काढायचा आणि बाळाला पाळण्यात ठेवायचं.” बाळीनं तोंडात धरलं. गिळल्याचा आवाज यायला लागला. पहिल्यांदाच मला कुठे दुखत नव्हतं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी एका खळग्यात आहे. आईचा खळगा. खांदा, कंबर, दुमडलेले गुडघे, सगळं जागच्या जागी बसत होतं. त्यात नवल नाही, ती तिथे वर्षानुवर्षं झोपली. पण बाळीही एका खळग्यात होती, ताई. माझ्या छातीसमोर, भिंतीच्या बाजूला, एक लहान खळगा. हातभर लांब. आणि त्याच्या पलीकडे एक अरुंद चर, टॉवेलच्या गुंडाळीएवढा.

आईचा टॉवेल तुला आठवतोच. रोज झोपताना ती तो गुंडाळून पलंगावर न्यायची. आपण समजायचो, कंबरेसाठी. तू पहिल्या पगारातून तिला कंबरेची ती महागडी उशी आणलीस, तिनं ती छान म्हणून बाबांच्या खुर्चीला दिली आणि टॉवेल काही सोडला नाही. आई म्हणजे आई, म्हणून आपण हसलो. ती भिंतीकडे तोंड करून झोपायची, त्यामुळे टॉवेल नक्की कुठे असतो ते आपण कधी पाहिलंच नाही.

त्यानंतर मी बाळीला तिथेच पाजू लागले. पाळण्यात कितीही रडत असली तरी त्या खळग्यात ठेवलं की गप्प व्हायची. पीत असताना ती माझ्याकडे बघत नसे. माझ्या खांद्यावरून मागे बघायची, कुणी उभं असल्यासारखी. इतक्या लहान बाळांना दूरचं दिसत नाही, हे मला माहीत आहे. एक-दोनदा माझ्या पाठीमागे गादी दबली, कुणी कडेला अलगद बसावं तशी. मला वाटलं मास्तर आले. ते शाळेत होते.

हे मी बाळंतिणीच्या अशक्तपणावर ढकललं. पण मागच्या शनिवारचं कशावर ढकलू? मास्तर आणि शेजारच्या काकू बाळीला लस टोचायला घेऊन गेले. मला चालवत नव्हतं म्हणून मी घरीच राहिले. त्यांना उशीर झाला. छाती दाटून दगड झाली, दुखायला लागली. पिळून काढावं म्हणून वाटी आणायला उठणार होते, पण जरा पडते म्हणून त्याच कुशीवर पडले आणि डोळा लागला. हात सवयीनं पुढे वळवलेला. टॉवेल सकाळचा तसाच तिथे राहिलेला. झोपेत मला पाजल्यासारखं वाटत होतं. ती ओढ, ती अंगातली शिरशिरी, सगळं. जागी झाले तर खालची बाजू रिकामी होती, हलकी. दूध गळलं असतं तर चादर भिजायला हवी होती. मी हात फिरवून पाहिला. चादर कोरडी होती. फक्त लहान खळग्यात ऊब होती, बाळ नुकतंच उचलून नेल्यावर राहते तेवढी.

मी कितीतरी वेळ तशीच पडून होते. हलले तर कुणाला तरी जागं करीन असं वाटत होतं. बाहेर फाटक वाजलं, मास्तरांचा आवाज आला, बाळी भुकेनं ओरडत होती. तिच्यासाठी दुसरी बाजू भरलेली होती.

मास्तरांना काही बोलले नाही. संध्याकाळी मामाला फोन केला आणि विचारायचं ते सरळ विचारलं. मामा बराच वेळ खोकत राहिला. मग म्हणाला, “तुझ्या ताईच्या आधी एक मुलगी होती. जन्मतःच छातीनं अधू. तिला दम लागायचा म्हणून अक्का तिला पडूनच पाजायची, पाठीला टॉवेल लावून. एका दुपारी पिऊन झोपली ती उठलीच नाही.” कुणी आईला दोष दिला नाही, म्हणाला. पण आईनं सगळ्यांकडून वचन घेतलं की पुढच्या मुलांना हे सांगायचं नाही, त्यांनी कुणाच्या जागेवर आल्यासारखं वाढू नये. तुला आठवतं, आई चारचौघांत तुला कधी कधी ‘माझी मधली’ म्हणायची? बाबा घाईनं म्हणायचे, दोघींत मधली कुठून आणलीस, हिला अजून दोनपर्यंतही मोजता येत नाही. आपण खिदळायचो. आई चहा गाळायला वळायची.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. दवाखान्यात त्या शेवटच्या दिवसांत नळीमुळे आईला बोलता येत नव्हतं. पोटात बाळी म्हणून मला फार वेळ थांबू देत नसत, तू मात्र हलली नाहीस. तू तिच्या कंबरेला टॉवेल लावायचीस आणि ती तो ओढून काढायची. तू पुन्हा लावायचीस. शेवटी तिनं तोंड फिरवलं आणि तू बाहेर येऊन जिन्यात रडलीस. परवाही तू म्हणालीस, माझ्या हातचं तिला शेवटपर्यंत चाललं नाही. तसं नव्हतं, ताई. ती टॉवेल टाकून देत नव्हती. तिला तो पुढच्या बाजूला हवा होता. तुझं काहीच चुकलं नाही, आपल्याला ठाऊकच नव्हतं की पलंगावर आणखी कुणी आहे. रविवारी ये, पण टेम्पो आणू नकोस. भीती वाटत नाही असं म्हणणार नाही. पण वजन वाढतंय, आणि दूध दोघींना पुरतंय. बाळी अजून तासभर उठायची नाही. चादर वाळली आहे, ती घालते. टॉवेल गुंडाळून जागेवर ठेवते आणि जरा कुशीवर पडते.

तुझीच,
धाकटी