दा नांगच्या पलीकडे

११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

सकाळी डोळे उघडले आणि छत ओळखू येईना. लाकडी नाही, म्हणजे तालिन नाही. पंखा फिरतोय, म्हणजे दा नांग? मग खालून मिक्सरचा आवाज आला, आणि पप्पांचा ठणठणीत णमोकार. रिसोड! आपलंच घर. पांघरूण डोक्यावर ओढून एकटीच हसले. गेली काही वर्षं हेच चाललंय — आधी छत, मग शहर, मग कुठे मी.

शेजारच्या उज्ज्वलाकाकू लगेच चौकशीला आल्या. "काय काम करतं बाई तू?" म्हटलं, लहान मुलांना भाषा शिकवायचं एक ॲप आहे, त्यासाठी चित्रं काढते. कुत्रा, छत्री, रडणारा ढग. कुठेही बसून काढता येतात. काकूंनी जरा विचार केला. "घरी बसूनबी होते?" होतं की. "मंग जगभर काहून हिंडतं?"

उत्तर आहे, पण ते काकूंना सांगण्यासारखं नाही. नवीन गावात पहिल्या सकाळी पाव आणायला बाहेर पडलं की आपण कुणीच नसतो. मला तेवढ्या वेळासाठी जगायला आवडतं.

१३ फेब्रुवारी

दिवेलागणीच्या आत ताट. मम्मी लॅपटॉपच्या मागे उभी राहून सूर्याकडे बघत असते, जणू तो तिला विचारून मावळणार आहे. आमच्या जैन घरात अंधार पडला की अन्न नाही. मीही बाहेर एवढा एकच नियम पाळते. कशासाठी, विचारू नये. हिवाळ्यात तालिनला दुपारी तीनलाच जेवण उरकायचे, आणि उन्हाळ्यात दिवस मावळायचं नावच घ्यायचा नाही. तेव्हा मम्मी फोनवर काळजीत — "मंग जेवतं कवा तू?"

तिचे प्रश्न ठरलेले. नव्या शहरात पोचले की पहिला — "तिथं सूर्य कवा मावळते?" दुसरा — "आपल्याहून कोन्या दिशेले हाय ते?" किती वेळा चिडवलंय तिला, की बैलगाडी धाडणार आहेस का घ्यायला! ती नुसतं "हूं" म्हणते. दक्षिण म्हटलं की दक्षिण, मनात कुठेतरी ठेवून देते.

भूगोल तिला येत नाही. आजवर ती अकोला, नागपूर आणि एकदा लग्नासाठी इंदूर, एवढंच गेलीय. विमान पाहिलंय ते गच्चीवरून.

१६ फेब्रुवारी, रविवार

स्वप्न पडलं. लिस्बनची ती चढाची गल्ली, आणि माझ्या जुन्या खोलीच्या कठड्यावर मम्मीची लिंबाच्या रंगाची साडी वाळत घातलेली. इतकी लांब, की खालून ट्राम गेली तेव्हा पदर टपाला लागला. मम्मी आतून म्हणत होती, "चिमटे कुठं हायत?" बाकी काही नाही. उठले तर डोळे ओले.

दिवसभर ते स्वप्न अंगावर होतं. ढग काढायला घेतला आणि त्याला साडी नेसवली.

ठरलंच आता. मम्मीला घेऊन जायचं. एप्रिलपासून दोन महिने, लिस्बन. मालकिणीला लिहून विचारलंसुद्धा — तीच खोली, पण दोन पलंगांची. ती हो म्हणाली. दा नांगला मी डेंग्यूनं पडले होते तेव्हा तापात सारखं वाटायचं, मम्मी दारात उभी आहे आणि तिला दार सापडत नाही. बरी झाल्यावरच तिला सांगितलं. ती ओरडली नाही. फक्त विचारलं, "पूर्वेलेच ना ते?"

यावेळी दार मी उघडणार.

१७ फेब्रुवारी

आज गुणगुणत होते. मम्मी म्हणे, "काय झालं व तुले?" सांगितलं नाही. आधी पप्पांना पटवते.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दुकानात गेले. पप्पा — म्हणजे ज्ञानचंदशेठ — गिऱ्हाईकापुढे थान उलगडून बसलेले. गिऱ्हाईक गेल्यावर लिस्बनचं सांगितलं. ते कापडाची घडी घालतच राहिले.

"अवं, ते कसं जमन? मागच्या चातुर्मासात आमी दोघायनंबी दिग्व्रत घेतलं ना. साध्वी माताजी इथं थांबल्या होत्या, त्यायच्या पुढं."

दिग्व्रत. लहानपणी पाठशाळेत घोकलेलं. दाही दिशांना एकेक रेघ आखायची आणि जन्मभर तिच्यापलीकडे पाऊल टाकायचं नाही. हाव आवरावी म्हणून. मला वाटायचं, हे फक्त पुस्तकातलं.

"नागपूर, मुंबई, हैदराबाद, इंदूर. माहं काम तेवढ्यातच होते," पप्पा म्हणाले. "तुही मम्मी बायांच्या बाजूले बसली होती, तिनंबी घेतलं. एकदा आखली का मंग रेघ वाढोता येत नाही. वाढवली तं दोष लागते."

पुढचं मी ऐकलं नाही. बसस्टँडपर्यंत चालत गेले, उगीच. जिनं काही पाहिलंच नाही तिनं न पाहण्याची शपथ घ्यावी! आणि मला एका शब्दानं सांगू नये. रोज फोन होता आमचा. रोज!

२० फेब्रुवारी

मम्मीशी बोलले नाही. ती माझ्याभोवती घुटमळली आणि गेली.

२३ फेब्रुवारी, रविवार

वेलिंग्टनच्या एका बाईंचा मेल. त्या वर्षभर बोटीवर असणार. घर, बाग आणि एक म्हातारं मांजर सांभाळायला कुणीतरी हवंय. बदल्यात राहायला फुकट. खिडकीतून समुद्र, तोही हिरवा. आधी दोनदा नाही म्हटलं होतं — फार लांब, म्हणून. आज लांबच हवं होतं. हो म्हणून टाकलं. लिस्बनच्या मालकिणीला 'येत नाही' म्हणून कळवायचं राहिलंय. उद्या.

जेवताना सांगितलं, न्यूझीलंड, एक वर्ष. पप्पा म्हणाले, "चांगलं हाय." मम्मीनं विचारलं, "कोन्या दिशेले?"

"आग्नेयेला."

"दा नांगच्या अलीकडं का पलीकडं?"

"पलीकडे. खूपच."

तिनं ताटातली अर्धी भाकरी उचलून पुन्हा टोपलीत ठेवली. उष्टी नव्हती, पण तरी. ती असं कधी करत नाही. म्हणाली, भूक नाही. मला वाटलं, पप्पांकडून लिस्बनचं कळलं असेल, हिला सुटल्यासारखं झालं असेल — लेकीनं आता सोबत चल म्हणायचा प्रश्नच नाही. वाटलं आणि वाईटही वाटलं.

२४ फेब्रुवारी

लिस्बनला आजही लिहिलं नाही. कंटाळा.

२७ फेब्रुवारी

गच्चीवर मुगाचे पापड. मम्मी लाटते, मी उन्हात पसरते, उज्ज्वलाकाकू गप्पा पुरवतात. खाली रस्त्यावरून तुरीची पोती भरलेली गाडी गेली आणि हवा नुसती धुळीची, सोनेरी झाली. पापडांच्या ओळींमधून अनवाणी चालताना मला वाटलं, हीसुद्धा एक नवी जागा आहे. इथेही पहिल्या सकाळी पाव आणायला जाता आलं असतं.

वर एक विमान. पांढरी रेघ मागे ठेवत निघालेलं. मम्मी लाटणं थांबवून, कपाळावर हात धरून ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिली.

"किती उंच असन ते?"

"दहा किलोमीटर. अकरा."

"हूं," म्हणाली, आणि पुढचा पापड घेतला.

हिला काय करायचंय उंचीचं! राग होताच, पण उन्हात तो टिकत नाही. पापडासारखाच वाळतो आणि हलका होतो.

२ मार्च, रविवार

पुन्हा स्वप्न. गावाबाहेरची सगळी शेतं पाण्यानं भरलेली, काठावर मम्मी. मी पलीकडून हाक मारते. तिला ऐकू येतं, पण ती पायापाशी बघत राहते, तिथे रेघ आहे म्हणून. जागी झाले तेव्हा छत लगेच ओळखलं. पहिल्यांदाच.

व्रताचं नकोच विचारायला. आपण रुसलोय हे तिला कळलंय, आणि तिला कळलंय हे मला.

४ मार्च, मंगळवार

दुपारी बॅग भरताना तोंडून गेलंच. "तू स्वतःला नागपूरच्या पुढे जगच ठेवलं नाहीस!"

मम्मी पापडांचा डबा दोरीनं बांधत होती. म्हणाली, "नागपूर तुह्या पप्पायचं हाय. माहं नाही."

"मग तुझं काय?"

तिनं बोटांवर मोजत सांगितलं. "पूर्वेले दा नांग. पश्चिमेले लिस्बन. उत्तरेले तालिन. दक्षिणेले ते लंकेतलं, गॉल."

मी राहिलेली गावं. सगळी. क्रमानं नाही, दिशेनं.

"माताजी हासल्या. म्हने, बाई, तुमी कायले जासान तिथं? म्हटलं, मले हौस नाई जाची. पन लेक तिकडं राह्यते. मागच्यावानी तापानं पडली तं जा लागन ना मले."

दहा दिशांत वरही येतं. मी विचारलं, "आणि वर?"

"इमान जाते तेवढं."

दोरीची गाठ पक्की करून डबा माझ्या बॅगेत ठेवला. "वेलिंग्टन मातर रेघेच्या बाहेर हाय, बाई. तिथं जपून राहाजो. मले येता येत नाई."

मी जमिनीवर बसून रडले. लहान असताना रडायचे तशी, आवाज करून. पप्पा दुकानातून आले, दारातून बघितलं, आणि पाणी आणायला परत गेले.

५ मार्च

वेलिंग्टनच्या बाईंना 'येत नाही' म्हणून कळवलं, माफीही मागितली. लिस्बनच्या मालकिणीला लिहिलं — दोन पलंग, नक्की.

मम्मी ऐकेना. "तू तं धडधाकट हायेस. मी कायले येऊ?"

आत्ता स्वयंपाकघरातून विचारतेय — एप्रिलात तिथं सूर्य कवा मावळते.